पहिल्या दहा चाली

छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटातून दक्षिणेकडे निघालेला रस्ता पन्नासएक किलोमीटरवर गोदाकाठी पैठणला पोचतो. नाथांचे पैठण, पैठणीचे पैठण, सातवाहनांचे प्रतिष्ठान अशी या गावाची ओळख सगळ्यांना असते. बुद्धिबळाच्या इतिहासात पैठणच्या एका घराण्याचे नाव आहे, हे मात्र रोज पट मांडून बसणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रामेश्वर भट्ट नावाचे विद्वान पैठण सोडून काशीला स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट काशीच्या पंडितांत अग्रगण्य ठरले. नारायण भट्टांचे नातू नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या ‘व्यवहारमयूखा’ला पुढे मुंबई उच्च न्यायालयात हिंदू कायद्याचा आधारग्रंथ म्हणून मान मिळाला. ‘नीतिमयूखा’त मात्र राजनीती आणि युद्धनीतीची चर्चा संपवताना नीलकंठांनी बुद्धिबळाचा खेळ सांगितला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले.

एकोणिसाव्या शतकात आल्ब्रेश्ट वेबर या जर्मन संस्कृत पंडिताने नीलकंठांचे हे प्रकरण अभ्यासले आणि खेळाच्या जागतिक इतिहासात त्याची नोंद झाली. नीलकंठांच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाचे वर्णन केले होते. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले. हा खेळ या मुलखाला कधीच परका नव्हता. बदलत गेले ते नियम, आणि नियमांबरोबर डावाची सुरुवात.

नवशिक्यांना सुरुवातीच्या चाली सांगताना हा इतिहास आठवायचे कारण इथेच आहे. ओपनिंग म्हणजे कुणीतरी ठरवून दिलेली, घोकायची यादी, अशी पुष्कळ मुलांची आणि त्यांच्या पालकांचीही समजूत असते. वास्तविक सुरुवातीची प्रत्येक चांगली चाल मोहऱ्यांच्या स्वभावातून निघालेली असते. कारण कळले की चाल सुचते. कारण न कळता नुसती पाठ केली, तर समोरच्याने चौथ्या-पाचव्या खेळीला पुस्तकाबाहेरचे काही खेळताच पाठांतर संपते आणि घड्याळ चालू राहते. म्हणून पुढच्या प्रकरणांत सुरुवाती मोजक्या आहेत आणि कारणे भरपूर.

आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळले जाई. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट, म्हणजे आजचे कॅसलिंग, नव्हते. त्याऐवजी राजाला शह लागण्याआधी एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. प्यादे पटाच्या टोकाला पोचले की ज्या मोहऱ्याचे ते घर, तो मोहरा त्याला मिळे. प्याद्याने दिलेल्या मातेला, म्हणजे प्यादेमातेला, विशेष मान होता. एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांमुळे दोन्ही फौजा एकमेकींना भिडायला वेळ लागे. खेळाडू आपापल्या बाजूची रचना शांतपणे उभी करी आणि मग लढाई सुरू होई. अशा खेळात ‘दुसऱ्या चालीला चुकलात तर डाव गेला’ अशी वेळ सहसा येत नसे.

युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. तोवर एकच घर तिरके सरकणारा वजीर अचानक पटावरचा सर्वांत बलाढ्य मोहरा झाला आणि उंटाला तिरक्या रांगेत हवे तेवढे दूर जाण्याची मुभा मिळाली. प्याद्यालाही पहिल्या चालीला दोन घरे जाता येत होती. आता तिसऱ्या-चौथ्या चालीतच राजावर हल्ला होऊ शकत होता. त्या धोक्याबरोबरच सुरुवातीच्या चालींचे शास्त्र जन्माला आले. १४९७ मध्ये लुइस रामिरेझ दे लुसेना या स्पॅनिश विद्यार्थ्याचे पुस्तक सालामांका शहरात छापले गेले आणि त्यात सुरुवातींची चर्चा होती. १५१२ मध्ये पेद्रो दामियानो या पोर्तुगीज औषधविक्रेत्याचे पुस्तक रोममध्ये निघाले. १५६१ मध्ये रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने ग्रंथ लिहिला आणि त्याच्या नावाची सुरुवात आजही जगज्जेतेपदाच्या लढतींत खेळली जाते. १६२० च्या दशकात इटलीच्या जोआकिनो ग्रेको याने आपल्या हस्तलिखितांत छोटे, झटपट संपणारे डाव लिहून ठेवले. बेसावध खेळाडू दहा-बारा चालींत कसा गारद होतो, हे त्यांतून आजही शिकता येते.

ही नवी पद्धत मराठी मुलखाकडे आली तेव्हा तिचे स्वागत करणाऱ्यांत एक शास्त्रीबुवा होते. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. मूळ संस्कृत मजकूर त्यांनी युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतला होता. त्या पुस्तकाचा भर पहिल्या चालींवर नव्हता. शिकणाऱ्याची दृष्टी तयार व्हावी म्हणून निवडलेल्या अटीतटीच्या स्थिती त्यात होत्या. थोडेच मोहरे उरलेल्या पटावर हत्ती काय करू शकतो आणि घोडा कुठे अडतो, हे आधी समजावे, असा तो मार्ग. शंभरेक वर्षांनी क्यूबाचा जगज्जेता होसे राउल कापाब्लांका यानेही शिकणाऱ्याने डावाच्या अखेरीचा अभ्यास आधी करावा, असेच सांगितले. सुरुवातीच्या चालींवरचे पुस्तक हाती घेणाऱ्याने हा सल्ला लक्षात ठेवावा. राजा-हत्तीने एकट्या राजावर मात करता येत नसेल, तर ते आधी शिकावे. मग इथे यावे.

पट मांडताना दोन गोष्टी तपासायच्या. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर हवे, आणि वजीर आपल्याच रंगाच्या घरात हवा. पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उभ्या रांगांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत, आणि पांढऱ्याच्या बाजूने वर जाणाऱ्या आडव्या रांगांना १ ते ८ हे अंक. त्यामुळे प्रत्येक घराला पत्ता मिळतो. पांढरा राजा ई१ वर, काळा राजा ई८ वर. ‘ई४’ एवढेच लिहिले असेल तर प्यादे ई४ वर गेले असे समजायचे. मोहरा असेल तर त्याचे नाव आधी येते, जसे ‘घोडा एफ३’.

पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी २० पर्याय असतात : सोळा प्याद्यांचे आणि चार घोड्यांचे. काळ्याच्या उत्तरानंतर शक्यता होतात ४००. पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीनंतर ८,९०२, आणि काळ्याच्या दुसऱ्या चालीनंतर १,९७,२८१. दोन-दोन चालींतच आकडा दोन लाखांच्या घरात जातो. कोणतेही मूल हे पाठ करू शकत नाही, आणि कोणत्याही ग्रँडमास्टरने पाठ केलेले नाही. या लाखोंपैकी बहुतेक चाली विचारातही घ्याव्या लागत नाहीत, कारण त्या सुरुवातीची कामे पुढे नेत नाहीत.

ही कामे तीन. मध्यावर ताबा मिळवणे, मोहरे बाहेर काढणे आणि राजाला सुरक्षित करणे.

मध्य म्हणजे डी४, ई४, डी५, ई५ ही चार घरे. मध्याचे मोल घोड्याकडे पाहिले की कळते. कोपऱ्यातल्या घोड्याला जायला दोनच घरे असतात, मध्यावरच्या घोड्याला आठ. उंटालाही मध्यातून लांबचे दिसते. म्हणून नवशिक्याने पहिली चाल डी किंवा ई रांगेतल्या प्याद्याची करावी. ई४ या एका चालीने मध्यातले घर व्यापले जाते, डी५ आणि एफ५ वर दाब येतो, शिवाय वजिराला आणि राजाच्या बाजूच्या उंटाला वाट मिळते. याउलट एच४ खेळले तर हत्तीला थोडी जागा मिळते, पण त्या हत्तीला इतक्या लवकर बाहेर येऊन करण्यासारखे काही नसते.

मोहरे बाहेर काढताना घोडे आणि उंट आधी, वजीर नंतर. मराठवाड्यातला शेतकरी मृगाच्या आधी रान तयार करून ठेवतो, कारण पाऊस पडल्यावर नांगर शोधत बसायला सवड नसते. पहिल्या दहा चाली ही तशी मशागत आहे. एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवला की बाकीचे घरात बसून राहतात आणि लढाई पेटते तेव्हा उपयोगी पडत नाहीत.

हे पाहायचे असेल तर १८५८ चा एक डाव पुरेसा आहे. पॅरिसच्या ऑपेरागृहात अमेरिकेचा पॉल मॉर्फी हा एकवीस वर्षांचा तरुण ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळला. ते दोघे आपसांत सल्लामसलत करून चाली करत होते. पहिल्या चाली ई४, ई५, घोडा एफ३, डी६, डी४. इथे काळ्याने घाईने उंट जी४ वर आणून घोडा बांधला. पांढऱ्याने ई५ वरचे प्यादे मारले, तेव्हा आपले प्यादे परत मिळवायला काळ्याला तो उंट घोड्याबरोबर बदलून टाकावा लागला, आणि पांढऱ्याचा वजीर त्याच मारामारीत मोकळा झाला. पुढे मॉर्फीची जवळजवळ प्रत्येक चाल नवा मोहरा आणत गेली किंवा धमकी देत गेली. काळ्याचा वजीर ई७ वर जाऊन आपल्याच उंटाच्या वाटेत उभा राहिला. मॉर्फीने घोडा दिला, हत्ती दिला, शेवटी वजीरही दिला आणि सतराव्या चालीला एका हत्तीने आणि एका उंटाने मात केली. त्या क्षणी काळ्याचा राजाच्या बाजूचा उंट एफ८ वर आणि हत्ती एच८ वर, डाव सुरू झाला तेव्हा होते तिथेच होते. जे मोहरे लढायला आलेच नाहीत, ते मोजणीत असून नसल्यासारखे. नवशिक्याने हा डाव पटावर मांडून किमान दोनदा खेळावा : एकदा पांढऱ्याच्या बाजूने बसून, एकदा काळ्याच्या.

तिसरे काम राजाच्या सुरक्षेचे. सुरुवातीला काळ्याचे एफ७ हे घर सर्वांत कच्चे असते, कारण त्याला एकट्या राजाचा आधार असतो. शाळकरी स्पर्धांमध्ये वारंवार दिसणारी चार चालींची मात याच घरावर उभी आहे : ई४, ई५; वजीर एच५, घोडा सी६; उंट सी४, घोडा एफ६; आणि वजिराने एफ७ वरचे प्यादे मारून मात. पहिल्यांदा ही मात खाल्लेले मूल हिरमुसते. पण उत्तर साधे आहे. तिसऱ्या चालीला घोडा एफ६ वर न नेता काळ्याने जी६ खेळावे. वजीर एफ३ वर गेला की मग घोडा एफ६. आता मात टळली, काळ्याचे दोन घोडे बाहेर आले, आणि पांढऱ्याचा वजीर त्याच्याच घोड्याच्या हक्काच्या घरात अडकून बसला. ही मात जमते तेव्हा समोरच्याच्या चुकीने जमते. तिच्यावर विसंबणारा खेळाडू सावध प्रतिस्पर्ध्यापुढे सुरुवातीलाच मागे पडतो, म्हणून ती ओळखावी, टाळावी, आणि आपले हत्यार करू नये.

पुढच्या प्रकरणांत पांढऱ्यासाठी पहिली निवड इटालियन डावाची आहे. ई४, ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४. यातली एकही चाल समजायला अवघड नाही. घोडा एफ३ वर येताना ई५ च्या प्याद्यावर हल्ला करतो, म्हणजे काळ्याला त्याची दखल घ्यावीच लागते. काळा घोडा सी६ वर येऊन ते प्यादे राखतो. उंट सी४ वरून थेट एफ७ कडे पाहतो, आणि राजा किल्लेकोटाला मोकळा होतो. काळ्याने उंट सी५ वर आणला तर पांढऱ्याने सी३, डी३, मग राजाच्या बाजूचा किल्लेकोट, असा शांत क्रम ठेवावा. सी३ चे प्यादे पुढे कधीतरी डी४ खेळायची तयारी करते. हीच रचना आज अव्वल ग्रँडमास्टर आवडीने खेळतात, त्यामुळे नवशिक्याने शिकलेले पुढे वाया जात नाही.

काळ्याने तिसऱ्या चालीला उंटाऐवजी घोडा एफ६ वर आणला की डाव तापतो. पांढरा घोडा जी५ वर उडी मारून एफ७ वर दुहेरी दाब आणतो. काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो, पांढरा प्याद्याने प्यादे मारतो. इथे घोड्याने ते प्यादे परत घ्यावेसे वाटते, आणि तिथेच सापळा आहे : पांढरा घोडा एफ७ वर बळी जातो, राजा बाहेर ओढला जातो आणि पुढच्या दहा चाली काळ्यासाठी जिवावरच्या असतात. त्याऐवजी घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करणे हे अनुभवी खेळाडूंचे उत्तर. काळा एक प्यादे गमावतो, बदल्यात त्याचे मोहरे भराभर बाहेर येतात.

काळ्या मोहऱ्यांनी बसलेल्या नवशिक्याने ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५ हे उत्तर द्यावे. समोरच्याने मध्यात प्यादे रोवले की आपणही तिथेच रोवायचे. फ्रेंच, सिसिलियन, कारो-कान या सुरुवाती उत्तम आहेत आणि जगज्जेतेपदाच्या पातळीवर खेळल्या जातात; २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेशविरुद्धचा पहिलाच डाव डिंग लिरेनने काळ्या मोहऱ्यांनी फ्रेंच बचाव घेऊन जिंकला होता. पण त्यांतल्या प्याद्यांच्या रचना वाचायला थोडा सराव लागतो. मध्यातली सरळ लढत आधी अनुभवली, की या सुरुवाती काय साधू पाहतात ते लवकर उमगते.

डी४ ने सुरू होणाऱ्या डावांत क्वीन्स गॅम्बिट सर्वांत जुना आणि सर्वांत उपयोगी. डी४, डी५, सी४. पांढरा सी रांगेतले प्यादे देऊ करतो आणि काळ्याच्या डी५ वर बाजूने दाब आणतो. काळ्याने ते मारले तरी टिकवून ठेवणे कठीण असते, म्हणून नवशिक्याने ई६ खेळून डी५ भक्कम करावे, मग घोडा एफ६, उंट ई७ आणि किल्लेकोट. ई६ मुळे वजिराच्या बाजूचा उंट काही काळ कोंडतो. त्या उंटाला वाट कधी आणि कशी करून द्यायची, हा या सुरुवातीचा मुख्य प्रश्न आहे आणि त्याला वेगळे प्रकरण दिले आहे. पांढऱ्याला याहून सोपा मार्ग हवा असेल तर लंडन पद्धत आहे : डी४, उंट एफ४, ई३, घोडा एफ३, सी३. काळा काहीही खेळो, ही रचना बहुधा उभी राहते. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने नेपोमनिआचीविरुद्धचा सहावा डाव याच सुरुवातीने जिंकला. मात्र लंडन पद्धत सोपी आहे म्हणून न पाहता चाली करण्याची सवय लागू शकते. काळा वजीर बी६ वर येऊन बी२ च्या प्याद्यावर नजर ठेवतो तेव्हा ती सवय महागात पडते.

वजीर लवकर बाहेर काढू नये, हा नियम सांगताना स्कँडिनेव्हियन बचावाचे उदाहरण घ्यावे. ई४ ला काळा डी५ खेळतो, पांढरा प्यादे मारतो, काळा वजिराने परत मारतो, आणि पांढरा घोडा सी३ वर येताच वजिराला पळावे लागते. पांढऱ्याला एक चाल फुकट मिळाली. तरीही १९९५ मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोवविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत चौदाव्या डावात विश्वनाथन आनंदने हाच बचाव निवडला होता. एका चालीच्या बदल्यात काय मिळते, हे मोजता येणारा खेळाडू असा सौदा करू शकतो. नवशिक्याने आधी मोजायला शिकावे.

जगभरातल्या पुस्तकांत ‘इंडियन डिफेन्स’ नावाच्या सुरुवातींचे मोठे कूळ आहे, आणि त्याचे मूळ देशी पद्धतीच्या खेळात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश वकील महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी खूप डाव खेळला आणि ते डाव लिहून ठेवले गेले. एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांत तयार झालेले महेशचंद्र मध्यात लगेच भिडत नसत. घोडा एफ६, प्यादे जी६, उंट जी७ अशी रचना करून ते समोरच्याला पुढे येऊ देत आणि मग त्याच्या मध्यावर हल्ला चढवत. १८५५ च्या एका डावात त्यांनी डी४ ला घोडा एफ६, सी४ ला जी६ आणि घोडा सी३ ला डी५ अशी उत्तरे दिली. याच चाली १९२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने खेळल्या आणि त्यांना ग्रुनफेल्डचे नाव मिळाले. बंगालच्या खेळाडूने युरोपीय पुस्तके घोकली नव्हती. मोहऱ्यांची कारणे त्याला ठाऊक होती.

तशीच साक्ष पंजाबच्या मीर सुलतान खानची. देशी पद्धतीत वाढलेला हा खेळाडू १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्येही त्याने ते पद मिळवले, हेस्टिंग्जच्या स्पर्धेत कापाब्लांकाला हरवले. युरोपीय सुरुवातींचे त्याचे ज्ञान बेताचे होते आणि त्यामुळे त्याला कित्येक डावांत अवघडलेल्या स्थितीतून वाट काढावी लागे. मध्यखेळ आणि अखेर यांवरच्या पकडीने तो ती काढत असे. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. ओपनिंग न येणारा माणूसही महान खेळाडू होऊ शकतो, आणि ते थोडे अधिक येत असते तर त्याचे कष्ट वाचले असते, या दोन्ही गोष्टी त्याच्या डावांत दिसतात.

महाराष्ट्राने या खेळाला मोठी माणसे दिली. १९५५ मध्ये एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते रामचंद्र सप्रे होते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि ते गाव देशभरच्या खेळाडूंचे माहेर झाले. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकरने जिंकली, आणि पुढे वासंती, जयश्री, रोहिणी या बहिणींनी ते पद बराच काळ घरातच ठेवले. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. पुण्याचे अभिजित कुंटे २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे कर्णधार होते. त्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, आणि सुवर्ण मिळवणाऱ्या पुरुष संघात नाशिकचा विदित गुजराथी.

विदितचा एक डाव नवशिक्यानेही पाहावा. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत दुसऱ्या फेरीत तो काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुराविरुद्ध खेळला. सुरुवात रुय लोपेझची, उत्तर बर्लिन बचावाचे. बर्लिन म्हणजे बरोबरी, अशी त्याची ख्याती २००० साली क्रामनिकने कास्पारोवला त्याच भिंतीवर थोपवल्यापासून झालेली. विदितने मोहरे झपाट्याने बाहेर काढले, किल्लेकोट उरकला, आणि अकराव्या चालीला उंट एच३ वर बळी देऊन राजाभोवतीची प्यादी फोडली. नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका तिथे संपली. मध्य, मोहरे, राजा ही तीन कामे विदितने आधी पुरी केली होती, म्हणूनच तो बळी त्याला परवडला. दिव्याने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणीच्या शाळांतून तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढणाऱ्या मुलांसाठी ही प्रकरणे आहेत, आणि त्यांच्याशी संध्याकाळी एक डाव खेळणाऱ्या आई-वडिलांसाठीही. वाचताना पट समोर हवा. मोबाइलवरचा पट चालतो, पण स्पर्धेत हाताने मोहरा उचलायचा असतो आणि हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. तो संयम लाकडी पटावरच अंगी बाणतो. आपले डाव वहीत लिहावेत. डाव हरल्यावर पहिल्या दहा चालींपाशी थांबून तीनच गोष्टी तपासाव्यात : मध्यात माझे प्यादे होते का, माझे चारही घोडे-उंट बाहेर आले होते का, माझा किल्लेकोट झाला होता का. एक सुरुवात पांढऱ्याने आणि दोन उत्तरे काळ्याने, एवढ्यावर सहा महिने काढले तरी चालतील.

पहिले प्रकरण इटालियन डावाचे आहे आणि त्याची सुरुवात एका कोड्याने होते. ई४, ई५, घोडा एफ३. इथे ई५ चे प्यादे राखायला काळ्याने घोडा सी६ वर न नेता एफ६ खेळले, तर पांढऱ्याने काय करावे? या चालीला दामियानोचे नाव चिकटले आहे, पण दामियानोने स्वतः ती वाईटच ठरवली होती. उत्तर शोधायला पान उलटण्याआधी पटावर मोहरे हलवून पाहावेत. एफ७ चे प्यादे हलल्यामुळे काळ्या राजापासून एच५ पर्यंतचा तिरका रस्ता उघडला आहे, आणि ई५ चे प्यादे वाटते तितके राखलेले नाही.